ढोलकीचं अर्थिंग

आमच्या घरात ‘आराम’ हा शब्द उच्चारायला बंदी आहे. आबा दुपारी पडतात तेव्हा ‘जरा आडवा होतो’ म्हणतात. मी रविवारी लोळत पडले तर ‘पाठ टेकली होती’ म्हणते. चिकुनगुनियानंतर डॉक्टरांनी मायला गोळ्यांच्या खाली हाच शब्द लिहून दिला, तर तिने ती चिठ्ठी नीट घडी घालून त्यांच्याच टेबलावर परत ठेवली. गोळ्यांची नावं मला नंतर फोन करून विचारावी लागली.

या बंदीच्या मुळाशी धाकटी मामी आहे. म्हणजे मायच्या धाकट्या भावाची बायको. माय ढोलकी वाजवते. आमच्या पुरुषोत्तमनगरच्या कॉलनीत आणि तिकडे खांडबाऱ्याला तिच्या माहेरी, बारसं असो की हळद, बायका मांडवात जमल्या की मायची पहिली थाप पडल्याशिवाय गाणं सुरू व्हायचं नाही. मामी लग्न होऊन आली तेव्हा तिला तालाचं काही कळत नव्हतं. टाळीसुद्धा एक घर पुढे पडायची. मायनेच तिला भाताच्या रिकाम्या पातेल्यावर बसवून शिकवलं आणि वर्षा-दोन वर्षांत चांगली तयार केली. दोघींचं गूळपीठ इतकं की आबा म्हणायचे, माहेरी गेली की ही आधी भावजयीला भेटते, मग भावाला.

मग मागच्या पावसाळ्यात मायला चिकुनगुनिया झाला. ताप उतरला, पण बोटांचे सांधे सुजले ते सुजलेच. चहाचा कप उचलतानाही ती ओठ दाबून घ्यायची. त्याच सुमाराला माहेरी एक बारसं आलं. मायने सवयीने ढोलकी ओढली, एक थाप मारली आणि हात पोटाशी घेऊन बसून राहिली. मामीने ढोलकी हळूच आपल्याकडे घेतली आणि अगदी मायेने म्हणाली, “आक्का, तुम्ही आत्ते आराम करा.”

झालं. मामीच्या मनात काही नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण मायला त्यात ‘तुमचं संपलं’ एवढंच ऐकू आलं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं ‘हो’, ‘नाही’ आणि ‘मीठ द्या’ एवढ्यावर आलं.

थंडीत मोठ्या मामाचा फोन आला. मुलीचं लग्न ठरलं, हळद उन्हाळ्यात, खांडबाऱ्यालाच. या भाचीवर मायचा फार जीव. तिचं जावळ, तिचे कान टोचणं, सगळं मायच्या मांडीवर झालेलं. फोन ठेवून माय स्वयंपाकघरात गेली, डाळीला फोडणी दिली आणि तिथूनच निकाल सांगितला, “दुसरी ढोलकी वाजाडी आनि मी नुस्त्या टाळ्या पिटू? मी येवाव नही लगीनले.”

आबा शांत होते. सगळी नोकरी त्यांनी साखर कारखान्यात उकळत्या रसाच्या पॅनवर काढली आहे. कुठलीही गोष्ट निवायला वेळ लागतो, हा त्यांचा अनुभव. पण ही काही निवेना. बस्त्याला चला म्हणून मोठी मामी मागे लागली, तर मायने गुडघ्याचं कारण सांगितलं. पत्रिकेत नाव कुठे टाकू म्हणून मामाने विचारलं, तर म्हणाली, कुठंही टाक, वाचायला मी नाही. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. माझा राग नाकावर असतो, असं माझ्या वर्गातली मुलं पाठीमागे म्हणतात; त्यात काही खोटं नाही. मी मायशी कडाडून भांडले. भाचीच्या हळदीला सख्खी आत्या नाही, म्हणजे गावभर चर्चा. आणि चर्चा गेली उडत, पण ही बाई पुढे जन्मभर स्वतःला खात बसेल, हे मला दिसत होतं. माय शांतपणे म्हणाली की हात बरा करून दे, येते.

हात बरा करणं माझं काम नव्हे. मी आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. बिघडलेला सर्किट बोर्ड बरा करते, तोही दर वेळी होतोच असं नाही.

पण एका संध्याकाळी माय मोबाईलवर लोणच्याची कृती बघत बसली होती. सुजलेल्या बोटाने ती काच सरसर वर ढकलत होती आणि तिचे ओठ दाबलेले नव्हते. मी बघतच राहिले. मोबाईलच्या काचेला जोर लागत नाही, बोट नुसतं टेकलं तरी पुरतं. आपलं शरीर म्हणजे खारं पाणी. बोट तांब्याच्या पट्टीजवळ नेलं की पट्टीवरचा थोडासा विद्युतभार त्याच्याकडे ओढला जातो, आणि सर्किटला तेवढ्यावरून कळतं की कोणीतरी आलं. मग ढोलकीलाच काच का असू नये?

आधी मी सोपा मार्ग काढला. पुठ्ठ्यावर चार चकत्या चिकटवल्या, प्रत्येकीला एक आवाज दिला. मायने ते बघितलं आणि विचारलं की घुमारा कुठे आहे. ढोलकीच्या डाव्या तोंडावर तळहाताचा कोपरा दाबत पुढे सरकवला की आवाज खालून वर चढत जातो, तो घुमारा. तो कुठल्या एका जागी नसतो, सरकण्यात असतो. आणि त्याच वेळी उजव्या हाताची बोटं दुसरीकडे काम करत असतात. म्हणजे मला अशी पाटी हवी होती, जिला एका वेळी पाच-सहा बोटं कुठे आहेत आणि कुणीकडे चालली आहेत, हे सगळं कळेल. मल्टिटच. कंपन्यांकडे त्यासाठी कारखाने असतात. माझ्याकडे सोल्डरिंगचं इस्त्रीसारखं तापणारं यंत्र, एक आर्डुइनोचा तळहाताएवढा कॉम्प्युटर-बोर्ड आणि मायचा हट्ट एवढं होतं.

काच शहाद्याहून आणली. तिथल्या फ्रेमवाल्या मारवाडी शेठना मी माप सांगितलं, तर त्यांनी आधी विचारलं की कुठले देव आहेत. मी म्हटलं, देव नाहीत, नुसती काच. ते म्हणाले, मग कोणी गेलेलं असेल, तर चंदनी हार वेगळा मिळेल. मी म्हटलं, कोणी गेलेलं नाही, आई वाजवणार आहे. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि काच दोन वर्तमानपत्रांत गुंडाळून दिली.

पहिल्यांदा पट्ट्यांसाठी मी डब्यातल्या पोळ्या गुंडाळायची चांदी, म्हणजे ॲल्युमिनियमची फॉइल वापरली. ती कापून काचेखाली इतकी सुबक चिकटवली की माझी मलाच नजर लागेल. मग वायर जोडायला गेले तर डाग चिकटेचना. ॲल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही, हे मी दर वर्षी पहिल्याच आठवड्यात मुलांना शिकवते. आबा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, “पोरी, याले काही अर्थ शे का?”

“आबा,” मी म्हटलं, “तोच तर देवाना बाकी शे.”

अर्थ द्यायचा म्हणजे अर्थिंग जोडायचं; वायरमन लोक अर्थिंगला नुसतं ‘अर्थ’ म्हणतात, हे आबांना कारखान्यापासून माहीत. त्यांना तो विनोद इतका आवडला की दूधवाल्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना त्यांनी तो आपलाच म्हणून सांगितला.

मग मागवलेली तांब्याची चिकटपट्टी कुरियरने आली आणि काम पुढे सरकलं. काचेच्या पाठीमागे उभ्या पट्ट्या, त्यावर लॅमिनेशनचा पातळ कागद, त्यावर आडव्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीची शेपटी टच सेन्सरच्या चिपला. कुठल्या उभ्या आणि कुठल्या आडव्या पट्टीवरचा भार हलला, यावरून बोटाचा पत्ता लागतो. ऐकायला सोपं वाटतं. पण बोटं दोन झाली की पत्ते चार निघतात, दोन खरे आणि दोन भुताचे. त्या भुतांनी मला महिनाभर छळलं. शेवटी कुठली पट्टी आधी हलली, बोट आत्ता कुठे होतं, एवढ्यात कुठवर पोचेल, असा माग काढत काढत मी त्यांना हुसकावलं.

भुतं गेली, तर पाटलीने जागा घेतली. माय वाजवायला बसली की भलत्याच जागी एक थाप जास्त पडायची. बघते तर हातातली सोन्याची पाटली काचेला टेकत होती. सोनं अंगाला लागलेलं, म्हणजे चिपच्या लेखी तेही बोटच. मी म्हटलं, काढून ठेव. मायने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी गुमान बसून पाटलीला ओळखायचा प्रोग्राम लिहिला.

आणि मिक्सर. शेजारी चटणी वाटायला घेतली की आमची ढोलकी आपोआप वाजायला लागायची. तेव्हा मात्र खरोखरीच अर्थ द्यावा लागला. घराच्या अर्थिंगची तार मी पाटीपर्यंत ओढली, आणि तुळशीमागे अर्थिंगचा खड्डा आहे, मीठ-कोळसा घातलेला, त्यात रोज बादलीभर पाणी ओतायचं काम आबांना दिलं. ते तुळशीलाही घालायचे आणि अर्थिंगलाही. त्यानंतर शेजारचे मिक्सर कितीही ओरडले तरी पाटी गप्प राहायला शिकली.

आतापर्यंतचे आवाज कामचलाऊ होते, आता खरे हवे होते. मी मायचीच ढोलकी पुढ्यात घेतली, मोबाईल रेकॉर्डिंगला लावला आणि थापा मारायला सुरुवात केली. माय खुर्चीवर बसून एकेक नापास करत होती. “हाई काय थाप शे? दार ठोकी ऱ्हायनी तू.” मी जोर कमी केला तर म्हणाली, आता दार उघडल्यासारखं वाटतंय. दुपार तशीच गेली. शेवटी तिने ढोलकी आपल्याकडे घेतली. एक थाप दिली, हात कोमट पाण्याच्या पातेल्यात बुडवला, कळ जाईपर्यंत थांबली, मग पुढची दिली. चाट, खुली थाप, बंद थाप, घुमारा. प्रत्येकीची एक. चेहऱ्यावर दुखणं दिसत होतं, पण थापेत नव्हतं. मला गलबलून आलं आणि ते लपवायला मी उगाच मोबाईलच्या बॅटरीवर ओरडले.

पाटी तयार झाली. माय रोज सकाळी लादी पुसून झाली की खुर्चीत बसायची, पाटी समोरच्या टेबलावर, आणि वाजवायची. पहिले काही दिवस काचेची तक्रार करायची की ही थंड आहे, हिला चामड्याचा वास नाही, हिला शाई नाही. मग तक्रारी कमी झाल्या. एकदा मी कामावरून आले तर दारापर्यंत घुमारा ऐकू येत होता, आणि आबा तुळशीपाशी रिकामी बादली घेऊन डोलत उभे होते. त्याच संध्याकाळी मायने ट्रंकेतून पैठणी काढून उन्हात टाकायला सांगितली.  पैठणी उन्हात म्हणजे आम्ही लग्नाला.

खांडबाऱ्याला आम्ही गाडीने पोचलो. स्टेशनवर धाकटी मामीच घ्यायला आली होती. मायने तिला ‘बरं आहे ना’ विचारलं, तिने ‘हो’ म्हटलं, आणि तेवढ्यावर दोघी रिक्षात दोन टोकांना बसल्या. मध्ये मी आणि गोधडीत गुंडाळलेली पाटी.

मांडव झकास होता. जांभळीच्या डहाळ्या, खाली धूळ उडू नये म्हणून सकाळपासून पाणी मारून मारून दाबलेली जमीन, चपलांचा ढीग बाहेर. डीजेवाला कोपऱ्यात आपली पेटारी लावून बसला होता, पण बायकांची गाणी होईपर्यंत त्याने गप्प राहायचं असं ठरलं होतं. आणि मधोमध धाकट्या मामीने मायसाठी जागा केली होती. लाकडी तख्त, त्यावर एकावर एक दोन फोमच्या गाद्या, पाठीला लोड. गाद्या नव्या कोऱ्या, अंगावरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. “आक्का, आठे बठा,” मामी म्हणाली, “गुडघासले बरं वाटी.” तो बंदीचा शब्द तिने टाळला, हे माझ्या लक्षात आलं. मायच्याही आलं असावं, कारण ती एरवीच्या मानाने बऱ्या चेहऱ्याने वर चढली आणि पाय पुढे पसरून बसली.

पाटीची वायर मी डीजेवाल्याच्या साउंड मिक्सरला लावली, अर्थिंगही तिथूनच घेतलं. अनवाणी, चिखलातच उभी राहून दोन-चार थापा मारून बघितल्या. मांडव दणाणला. बायका कौतुकाने पुढे सरकल्या. नवरीसुद्धा हळदीच्या पाटावरून मान वळवून आत्याकडे बघायला लागली. मी पाटी मायच्या मांडीवर दिली. तिने पाटली मागे सारली, सगळ्यांवरून एक नजर फिरवली आणि थाप दिली.

काही नाही.

तिने पुन्हा दिली. कुठेतरी आत उंदीर कुरतडावा तेवढा टिक आवाज आला. तिने दोन्ही हात लावले, घुमाऱ्याचा तळवा सरकवला. गप्प.  मी वायर हलवली, मिक्सरचा आवाज चढवला, खाली उभी राहूनच काचेला बोट लावलं, तर खणखणीत थाप. मायने बोट लावलं, काही नाही. परत मी, धूम. परत माय, काही नाही.

एखादं यंत्र कोणासाठीच चाललं नसतं तर मी ते फेकून दिलं असतं आणि वर हसले असते. पण ते माझ्यासाठी चालत होतं, आणि जिच्यासाठी केलं तिला ओळखत नव्हतं. आवाज तिचेच होते त्यात. मांडवभर बायका बघत होत्या. मायने हात पदरात घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “ऱ्हावू दे, पोरी. मन्हा हातच ऱ्हायना नही.”

भांडणाऱ्या, नापास करणाऱ्या, डॉक्टरची चिठ्ठी परत करणाऱ्या माझ्या मायचा तो आवाज नव्हता. मला इतकं वाईट वाटलं की रागसुद्धा आला नाही.

बायकांत कुजबुज सुरू झाली, तसं कोणीतरी पोक्तपणे सांगितलं की गाणी होत राहतील, आधी मानपान उरकून घ्या. आत्याबाईंना हळदकुंकू लावा. मामी तबक घेऊन पुढे आली. तिने मायला कुंकू लावलं. मायने पाटी मांडीवरून बाजूला ढकलायला काचेवर तळवा टेकला, आणि नेमक्या त्याच वेळी मामी तिच्या पाया पडायला वाकली.

धूम.

मामी दचकून मागे झाली. तिने आधी स्वतःचे तळवे बघितले, मग मायचे पाय. एक म्हातारी म्हणाली की पोरीला करंट लागला. कोणी म्हणालं, देवाचं काही असेल. मी कपाळावर हात मारून घेतला.

घरी आम्ही सगळे अनवाणी. माय खुर्चीत बसायची, पाय नुकत्याच पुसलेल्या ओल्या लादीवर. म्हणजे तिचं अंग जमिनीला जोडलेलं, तिचा अर्थ तिच्या पायाखाली. मी पाटीच्या पट्ट्या बसवल्या, भुतं हाकलली, पाटलीला शिकवलं, शेजारचे मिक्सर गप्प केले, आणि सगळं मोजमाप त्या ओल्या पायांवर केलं. पाय हा या यंत्राचा भाग आहे हे मला सुचलंच नाही. इथे दोन फोमच्या गाद्या आणि प्लास्टिक यांच्यावर माय जमिनीपासून पार तोडून ठेवलेली. इतकी छान बैठक घातली मामीने की विजेलाही वर चढता येईना. आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या मामीने पायाला हात लावला, तेव्हा त्या हातातून जमीन वर आली.

हे सगळं मी मांडवात उभी राहून समजावून सांगितलं. आयटीआयत ज्यांना समजत नाही त्यांच्यापेक्षा या बायकांना लवकर समजलं. दोन उपाय होते. एक, मायने तख्ताच्या कडेला सरकून पाय खाली जमिनीला टेकवायचे. दोन, जमिनीवर अनवाणी असलेल्या कोणीतरी मायला धरून राहायचं.

मायने विचार केला. मी तिला चांगली ओळखते. तिच्या डोळ्यांत परत काहीतरी हललं. म्हणाली की पाय खाली सोडले की घोट्याला सूज येते. एवढं बोलून ती मामीकडे बघत राहिली. सकाळपासून माय स्वयंपाकघरात, आल्यागेल्याच्या पाठी, पायांवरच होती, सुजेचं नाव काढलं नव्हतं.

मामीनेही ते बघितलं असणार. तिची ढोलकी खांबाला टेकवून ठेवलेली होती, शाई नवी लावून आणलेली. तिने पदर खोचला, तख्ताच्या पायथ्याशी ओल्या जमिनीवर मांडी घातली आणि मायच्या पावलावर हात ठेवला. “मी धरी ठेवस, आक्का. तुम्ही वाजाडा.”

मायने वाजवलं. तिचे हात मी पाटीवर रोज बघितले होते, पण मांडवात, चाळीस गळ्यांच्या पुढे ते वेगळेच झाले. घुमारा खालून उठला आणि बायकांनी गाणं उचललं. डीजेवाला खुर्चीवरून उठून उभा राहिला. मी पाटीकडे बघत होते, भुतं येतात का म्हणून. एकही आलं नाही.

दुसऱ्या कडव्याला मात्र आवाज मध्ये मध्ये गळायला लागला. थाप, गप्प, थाप, गप्प. मी वायरींकडे धावणार तेवढ्यात मायने खाली बघितलं. मामीचं गाण्यात लक्ष लागलं होतं, आणि तिची बोटं मायच्या पावलावर आपोआप ठेका धरत होती. दर उचलीला जमीन सुटायची.

“ताल नको धरू,” माय म्हणाली, “पाय धर.”

मांडवभर हशा झाला. मामीसुद्धा हसली, डोळे पुसत हसली, आणि तिने पाऊल घट्ट धरलं. मायने ते गाणं पुरं केलं, मग लगेच दुसरं घेतलं. मला दिसत होतं, ती चवीने वाजवत होती. ज्या बाईने तिला गप्प बसवलं ती पायाशी बसली आहे, याची ती चव होती, आणि मायने ती अजिबात लपवली नाही. मी मनात म्हटलं, घे बाई, तेवढा तुझा हक्क आहे.

तिसऱ्या गाण्याला मायची नजर पुन्हा खाली गेली. मामी पाऊल घट्ट धरून होती, बोट हलू देत नव्हती. तिचा दुसरा हात मोकळा होता. त्या हाताची बोटं तिने स्वतःच्या गुडघ्याखाली दाबून ठेवली होती, हलू नयेत म्हणून.

मायने गाणं मध्येच थांबवलं.  तिने पाटी उचलून बाजूच्या लोडावर ठेवली, दोन्ही हातांवर भार देत, ओठ दाबत तख्ताच्या कडेला सरकली आणि पाय खाली सोडले. पैठणीचा काठ ओल्या मातीत गेला. मामीचा हात हवेतच राहिला. मी पाटी मायच्या मांडीवर परत दिली. तिने एका बोटाने काच तपासली आणि मांडवात घुमारा उठला, कोणीही न धरता.

मग ती मामीला म्हणाली, “ऊठ. ढोलकी लय आनि आठे मन्हा बाजूले बठ. सुरवात तू कर.”